सहा भाऊ आणि सातवा वाटेकरी

शनिवारी संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास आमच्या पॅकहाउसमधल्या बाया चहा पिऊन परत टेबलांवर येतात, आणि साधारण त्याच वेळेला तिकडे युरोपात सिक्स नेशन्सची, म्हणजे सहा देशांच्या रग्बी स्पर्धेची, दुपारची मॅच सुरू होते. द्राक्षाचा एक्स्पोर्ट जानेवारी ते एप्रिल, ही स्पर्धा फेब्रुवारी-मार्च. त्यामुळे गेली तेरा वर्षं मी रग्बी बघतो ती एका डोळ्यानं. मोबाइल वजनकाट्याला टेकवलेला, आवाज बंद, दुसरा डोळा घडावर. मणी अठरा एमएमच्या खाली गेला तर माझी चूक, ट्राय (चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे टेकवणं, रग्बीतला गोल म्हणा) बघायचा राहिला तर माझं नशीब.

मी मखमलाबाद नाक्यावर राहतो, बाग दिंडोरी तालुक्यात, आणि हंगामात दुसऱ्याच्या पॅकहाउसवर क्वालिटी बघतो. नाशकात मला रग्बीवर बोलायला माणूस मिळत नाही. गोल्फ क्लब मैदानावर सकाळी चालायला येणाऱ्या आमच्या मंडळींत विषय काढला की कोणीतरी विचारतं, "ते हेल्मेट घालून खेळतात ते ना?" ते नाही. ते अमेरिकेतलं. मग मी गप्प बसतो आणि घरी येऊन इथे लिहितो. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी मागची द्राक्षावरच्या डाउनी रोगाची पोस्ट वाचावी, तिला बरे वाचक मिळाले होते.

हे वेड मला लावलं एका वेल्सच्या माणसानं. २०१३ च्या हंगामात तिकडच्या आयातदाराकडून माल तपासायला आला होता. नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. गाव लानेली. खरा उच्चार असा नाही. जीभ टाळ्याला लावून दोन्ही बाजूंनी हवा सोडायची असते म्हणे. मी आठवडाभर प्रयत्न केला. तेवढाच वेळ त्यानं 'म्हसरूळ' म्हणायचा प्रयत्न केला. सामना बरोबरीत सुटला.

१६ मार्चला, शनिवारी, कार्डिफला वेल्स विरुद्ध इंग्लंड. आपल्याकडचे रात्रीचे साडेदहा. कंटेनर लागलेला, प्री-कूलिंगमधून पॅलेट निघत होते, आणि हा माणूस येऊन म्हणतो, मला दोन तास द्या, मग सकाळपर्यंत उभा राहतो. लॅपटॉप उपड्या क्रेटवर ठेवला. राष्ट्रगीत सुरू झालं तसा हा उठून ताठ उभा. अंगात पांढरा कोट, डोक्याला आमची निळी जाळीची टोपी, आणि खणखणीत आवाजात त्यांच्या भाषेतलं गाणं. टेबलांवरच्या बाया कात्र्या खाली ठेवून बघत राहिल्या.

मला खेळातलं काही कळेना. मग त्यानं अर्ध्या किलोचे पनेट घेतले आणि टेबलावर मांडले. पुढे तीन, त्यांच्या मागे चार, सगळ्यांत मागे एक. समोर तसेच आठ. "स्क्रम," म्हणाला, आणि दोन्ही हातांनी ते सोळा डबे एकमेकांवर रेटले. एका डब्याचं झाकण उडालं, मणी टेबलावरून घरंगळत खाली. शेजारची मावशी शांतपणे म्हणाली, "साहेब, हे रिजेक्शनमध्ये धरू का मॅचमध्ये?"

वेल्सनं इंग्लंडला ३०-३ असं झोपवलं. पाहुणा कंटेनरचं दार बंद होईपर्यंत खरंच उभा होता.

त्या रात्री त्यानं मला त्याच्या गावची गोष्ट सांगितली. ३१ ऑक्टोबर १९७२ ला न्यूझीलंडचा ऑल ब्लॅक्स संघ लानेलीला आला आणि गावच्या क्लबकडून ९-३ असा हरून गेला. गावातल्या दारूच्या गुत्त्यांमधली बिअर संपली म्हणतात. त्याचा बाप त्या गर्दीत होता. ज्यांनी ऑल ब्लॅक्सना हरवलं त्या पोरांना खेळायचे पैसे मिळत नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी ज्याची-त्याची नोकरी.

पैसे का नव्हते, तर नियमच तसा. १८९५ मध्ये उत्तर इंग्लंडमधल्या क्लबांनी म्हटलं होतं की खाणीतला, गिरणीतला माणूस शनिवारी खेळायला आला की त्याचा रोज बुडतो, तेवढा तरी भरून द्या. लंडनच्या साहेबांनी नाही म्हटलं. त्यावरून खेळच फुटला आणि रग्बी लीग वेगळी निघाली. उरलेल्यांनी, म्हणजे रग्बी युनियनवाल्यांनी, पुढची शंभर वर्षं 'आम्ही पैशासाठी खेळत नाही' हे व्रत पाळलं. ज्यांच्या घरी चूल पेटायची चिंता नसते त्यांना हे व्रत सोपं जातं. म्हणून जुना काळ फार चांगला होता असं मी म्हणणार नाही. माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं भाव न विचारता माल घातला आहे. फुकट राबण्यातलं मोठेपण मला सांगू नका.

१९९५ मध्ये हे व्रत मोडलं, आणि मोडलं ते टीव्हीनं. त्या वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या वर्ल्ड कप फायनलच्या तोंडावर दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया या तिघांनी रूपर्ट मर्डॉक यांच्या कंपनीशी दहा वर्षांचा साडेपंचावन्न कोटी डॉलरचा करार जाहीर केला. ऑगस्टमध्ये पॅरिसला बैठक भरली आणि खेळ 'खुला' झाला. खेळाडूंना पगार सुरू झाले. चांगलंच झालं. पण पगार सुरू झाला की तो दर महिन्याला द्यावा लागतो, आणि तो येणार कुठून, याचं उत्तर शोधण्यात पुढची तीस वर्षं चालली आहेत.

आता ज्या बातमीसाठी हे सगळं मांडतोय ती. मार्च २०२१. कोविडमुळे तिकडची स्टेडियमं रिकामी, आणि आमचा माल अर्ध्या भावात. इंग्लंड, फ्रान्स, आयर्लंड, वेल्स, स्कॉटलंड, इटली या सहा संघटनांनी सिक्स नेशन्सच्या धंद्यातला सातवा हिस्सा, म्हणजे १४.३ टक्के, सीव्हीसी नावाच्या गुंतवणूक कंपनीला विकला. किंमत साडेछत्तीस कोटी पौंडांपर्यंत.

मी हे आप्पांना सांगितलं. आप्पा म्हणजे माझे चुलते, वय ऐंशीच्या पुढे. रग्बी बघत नाहीत, पण वाटणीची गोष्ट निघाली की कान टवकारतात. गावच्या घरी ओट्यावर बसलो होतो.

"सहा भाऊ," मी म्हटलं, "आणि बाहेरच्याला सातवा हिस्सा दिला."

"पैसे रोख?"

"पाच वर्षांत. हप्त्यानं."

आप्पा हसले. त्या हसण्याला कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांनी बाग उक्ती दिली होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: उक्ता म्हणजे माल वेलीवर असतानाच अंदाजानं सगळ्या बागेचा एकच सौदा. निम्मे पैसे आधी, निम्मे तोड झाल्यावर. तोड झाली, गाडी गेली, व्यापारी त्या गाडीबरोबरच गेला. दोन वर्षं आप्पा त्याच्या पत्त्यावर जात होते. पत्ता खरा होता, माणूस नव्हता.

थोड्या वेळानं आप्पाच म्हणाले, "पण उक्त्यात एक बरं असतंय. बुडालो तरी एक हंगाम बुडालो. छाटणीला बाग आपलीच. हे तू सांगतोस त्यात सातवा वाटा किती वर्षं?"

मी म्हटलं, मुदत नाही. हिस्सा म्हणजे हिस्सा.

"मग तो उक्ता नाही रे. त्यानं सातबाऱ्यावर नाव चढवलं."

मी त्या कराराबद्दल इंग्रजीत पुष्कळ वाचलं आहे. आप्पांइतकं नेमकं कोणी लिहिलं नाही.

बरं, या वाटेकऱ्याची सवय काय, तेही बघू. हीच कंपनी २००६ पासून दहा-अकरा वर्षं फॉर्म्युला वनची मालक होती. २०१७ मध्ये विकून मोकळी झाली. याच कंपनीनं रग्बीच्या सौद्यानंतर सातच महिन्यांनी, ऑक्टोबर २०२१ मध्ये, ५,६२५ कोटी रुपये मोजून आयपीएलमधला अहमदाबादचा संघ घेतला, जो गुजरात टायटन्स झाला. पहिल्याच वर्षी कप जिंकला. २०२५ मध्ये त्यातला ६७ टक्के हिस्सा टोरेंट ग्रुपला विकला. यात गैर काही नाही, त्यांचा धंदाच हा: घ्यायचं, वाढवायचं, विकायचं. पण याचा अर्थ सातवा भाऊ सातवा भाऊ म्हणून राहणार नाही. पाच-सात वर्षांनी त्याच्या जागी आठवा कोणीतरी येणार, आणि त्यानं मोजलेली किंमत आजच्यापेक्षा जास्त असणार. ती वसूल व्हायची तर मधल्या काळात बागेतून माल जास्त निघाला पाहिजे.

भावांना विकायची वेळ का आली? कारण या खेळाचा हिशेब विचित्र आहे. संघटनेची कमाई जवळजवळ सगळी राष्ट्रीय संघाच्या घरच्या मॅचवर. क्लबांची गर्दी त्यामानानं किरकोळ. लंडनच्या ट्विकनहॅमला ८२,००० माणूस बसतं, तिकिटाचे पैसे यजमानाचे, पाहुण्यांना त्यात वाटा नाही. २०१७ मध्ये सामोआचा संघ तिथे इंग्लंडशी खेळला. तेव्हा पेपरात आकडे आले होते: त्या एका मॅचचे इंग्लंडच्या खेळाडूला साधारण २२,००० पौंड, सामोआच्या खेळाडूला साधारण ६५०. सामोआची संघटना तेव्हा दिवाळखोरीच्या दारात होती. इंग्लंडनं ७५,००० पौंड सद्भावना म्हणून दिले. आमच्याकडे याला 'हात ओला करणे' म्हणत नाहीत, 'तोंडाला पानं पुसणे' म्हणतात.

आणि यजमानाचंही सुखात नाही. वर्ल्ड कपच्या वर्षी नोव्हेंबरच्या घरच्या मॅचेस होत नाहीत, की लगेच ताळेबंद झोपतो. इंग्लंडच्या संघटनेला २०२३-२४ मध्ये ३.७९ कोटी पौंडांचा तोटा झाला. त्याच वर्षी मुख्य अधिकाऱ्याला बोनस धरून ११ लाख पौंड मिळाले आणि दुसरीकडे माणसं कमी केली. गदारोळ झाला, अध्यक्षाला राजीनामा द्यावा लागला. ट्विकनहॅमचं नावही आता ट्विकनहॅम नाही, २०२४ पासून अलियान्झ स्टेडियम. (मी ट्विकनहॅमच म्हणणार. आमच्याकडेही चौकांची नावं बदलतात, रिक्षावाल्याला जुनंच सांगावं लागतं.) इंग्लंडचे क्लब तर सरळ बुडाले: २०२२ मध्ये वुस्टर आणि वॉस्प्स, २०२३ मध्ये लंडन आयरिश. त्या क्लबांच्या लीगमध्येही २७ टक्के हिस्सा सीव्हीसीचाच होता. पैसा येऊन बागा वाळतात त्या अशा.

तर मग माल वाढवायचा. तो कसा, ते बघा. २०२६ च्या जुलैपासून 'नेशन्स चॅम्पियनशिप' म्हणून नवी स्पर्धा. सिक्स नेशन्सचे सहा, दक्षिणेकडचे चार, शिवाय जपान आणि फिजी. पूर्वी जून-जुलैत युरोपचे संघ दक्षिणेत दौऱ्यावर जायचे, एकाच देशात तीन-तीन टेस्ट (रग्बीत देश विरुद्ध देश मॅचला टेस्ट म्हणतात) खेळायचे, मधल्या बुधवारी एखाद्या गावच्या संघाशी भिडायचे. १९७२ ची लानेलीची मॅच हा अशाच एका, उलट्या दिशेच्या दौऱ्यातला मधला वार होता. आता प्रत्येक शनिवारी वेगळा देश, गुणतक्ता, आणि नोव्हेंबरअखेर लंडनला फायनलचा वीकेंड. टीव्हीवाल्याला हेच हवं असतं: प्रत्येक मॅचला काहीतरी पणाला लागलेलं. मला स्वतःला गुणतक्ता आवडतो, खोटं कशाला बोलू. पण दौरा संपला याचं वाईटही वाटतं.

फिजीचं मात्र ऐका. छोट्या बेटांचा देश, जग जिंकणारे खेळाडू. २०२३ मध्ये याच संघानं ट्विकनहॅमला इंग्लंडला ३०-२२ हरवलं. त्यांना आता मोठ्यांच्या पंगतीत पान मांडलं आहे. जुलैत त्यांच्या घरच्या तीन मॅचेस. कुठे? वेल्सशी कार्डिफला, इंग्लंडशी लिव्हरपूलला, स्कॉटलंडशी एडिंबरोला. घरच्या! सुव्हात, म्हणजे त्यांच्या राजधानीत, तिकिटांचा गल्ला किती येणार आणि ब्रिटनमध्ये किती येणार, याचा हिशेब केला की घर कुठे आहे ते ठरतं. आम्हीपण आमचा चांगला माल नाशकात विकत नाही म्हणा. आमच्या बागेतलं एक नंबरचं द्राक्ष माझ्या पोरांनी फारसं खाल्लेलं नाही. घरी येतं ते रिजेक्शनचं.

आणि जॉर्जियाला तर पानच नाही. जॉर्जियानं २०२२ मध्ये इटलीला हरवलं आणि त्याच वर्षी कार्डिफला जाऊन वेल्सला १३-१२ हरवलं. पण नव्या स्पर्धेचं दार २०३० पर्यंत बंद. खालच्या संघांसाठी वेगळी स्पर्धा काढली आहे, त्यात खेळा. क्रिकेटवाल्यांना हे नवीन वाटणार नाही. पंगत ठरते ती कोण किती गुणी यावर नाही, कोणाच्या देशात टीव्हीला किती गिऱ्हाईक यावर. जॉर्जियाकडे स्क्रम आहे, गिऱ्हाईक नाही.

आता वेलीबद्दल. कोणत्याही बागायतदाराला विचारा, एका वेलीवर किती घड ठेवायचे ही अक्कल सगळ्यांत महाग पडते. भाव दिसला की हात आवरत नाही. पन्नास घड पेलत असतील तिथे साठ ठेवतो. त्या वर्षी माल निघतो, दिसतोही बरा. पुढच्या छाटणीनंतर काडी फुटते पण घडच निघत नाही. वेल सांगत नाही, नुसती थकते.

स्टीव्ह थॉम्पसन. आडनाव वाचून मी हसलो होतो, कारण आमच्याकडे थॉम्पसन म्हणजे द्राक्ष. हा माणूस इंग्लंडचा हुकर, म्हणजे स्क्रममध्ये पुढच्या तिघांतला मधला, त्या पनेटच्या मांडणीतला बरोब्बर मधला डबा. २२ नोव्हेंबर २००३ ला सिडनीत इंग्लंडनं ऑस्ट्रेलियाला जादा वेळेत २०-१७ हरवून वर्ल्ड कप जिंकला, त्या संघात तो होता. डिसेंबर २०२० मध्ये त्यानं जगाला सांगितलं की मला तो वर्ल्ड कप जिंकल्याचं आठवत नाही. अकाली डिमेन्शिया. चाळीशीतला माणूस. त्याच्यासारखे कितीतरी जण आता कोर्टात गेले आहेत. पगारी खेळ झाल्यावर अंगं वाढली, टकरी वाढल्या, सराव रोजचा झाला. त्यानंतर नियम बदलले, डोक्याला लागलं की बाहेर काढून तपासतात, सगळं आहे. पण दर वेळी कॅलेंडर नवीन निघतं त्यात मॅच कमी झालेली मी बघितलेली नाही. २०२६ च्या सिक्स नेशन्समध्ये विश्रांतीचे आठवडे होते दोन, झाला एक.

न्यूझीलंडची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तिथे निदान भांडण झालं. २०२१ मध्ये सिल्व्हर लेक या अमेरिकी कंपनीला साडेबारा टक्के द्यायचं ठरत होतं. गावोगावच्या संघटनांनी हो म्हटलं, खेळाडूंच्या संघटनेनं अडवलं. त्यात एक प्रश्न हाकाचाही होता. मॅचआधीचा तो नाच माओरी लोकांचा, कोण्या एका कुळाचा वारसा; तो 'ब्रँड'मध्ये मोजून विकायचा का? आपल्याकडे उद्या कोणी सप्तशृंगीच्या गडावरची आरती ताळेबंदात धरली तर काय होईल, तसं. शेवटी २०२२ मध्ये हिस्सा कमी करून, वीस कोटी न्यूझीलंड डॉलर घेऊन सौदा झाला. २०२४ मध्ये त्यांनी इतिहासातली सर्वांत मोठी कमाई जाहीर केली, साडेअठ्ठावीस कोटी डॉलर, आणि त्याच कागदावर १.९५ कोटींचा तोटा. आप्पांना हे सांगितलं नाही. त्यांना खोटं वाटलं असतं.

एकतर्फी लिहितोय असं वाटत असेल तर हेही लिहितो. खेळ पगारी झाला म्हणूनच इंग्लंडच्या बायकांच्या संघाला २०१९ मध्ये पूर्णवेळ पगार सुरू झाला. २०२५ च्या सप्टेंबरात त्यांचा वर्ल्ड कप फायनल त्याच ट्विकनहॅमला, ८१,८८५ माणूस. कॅनडाला ३३-१३ हरवलं. हंगाम नव्हता म्हणून ती मॅच मी दोन्ही डोळ्यांनी बघितली.

माझा पुतण्या तर माझ्यावर चिडतो. तो मुंबईला असतो. जून २०२५ मध्ये अंधेरीच्या शहाजी राजे भोसले क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीग झाली, आपल्या देशातली पहिली, सहा फ्रँचायझी, सात-सात जणांचा संघ, चार-चार मिनिटांचे चार डाव. त्यानं मला नेलं. द्वारका सर्कलवरून पहाटेची गाडी धरून गेलो. मला वाटलं होतं तमाशा असेल. पण ओडिशा, बंगालमधली काटक पोरं परदेशी खेळाडूंच्या खांद्याला खांदा लावून धावत होती, आणि स्टँडमध्ये शाळेची मुलं घसा फोडून ओरडत होती. तेरा वर्षांत पहिल्यांदा मी रग्बीला हातभर अंतरावरून पाहिलं. टीव्हीवर टकरीचा आवाज येत नाही हो. ओल्या गोणीवर काठी मारल्यासारखा येतो, आणि त्यानंतर श्वास सुटल्याचा वेगळा.

"काका, सोळा मिनिटांत निकाल," पुतण्या म्हणाला. "आता बोला."

मी म्हटलं, छान आहे. पण यात स्क्रम तिघा-तिघांचा. माझे पाच डबे कुठे गेले?

त्याला मग मी कलकत्ता कपची गोष्ट सांगितली. इंग्लंड-स्कॉटलंड दरवर्षी ज्या कपासाठी खेळतात तो आपल्या रुपयांचा आहे. खरोखरच्या रुपयांचा. १८७० च्या दशकात कलकत्त्यातल्या गोऱ्यांनी रग्बीचा क्लब काढला, तो चालेना, बंद करायची वेळ आली. बँकेत शिल्लक होती. सभासदांनी ती वाटून घेतली नाही. चांदीचे रुपये काढले, २७० म्हणतात, वितळवले आणि कप केला. तीन नाग हे त्याचे कान, झाकणावर हत्ती. १८७९ पासून त्यासाठी खेळतात. पुतण्या म्हणाला, "म्हणजे क्लब बुडाला, आणि यांनी भांडवल वितळवलं. आजचा सीए वेडा होईल." बरोबर आहे त्याचं.

आता परवाचं सांगून थांबतो. वेल्सच्या पाहुण्याशी अजून संबंध आहे. आता तो नोकरीतून निवृत्त, पण फेब्रुवारी आला की त्याचा मेसेज येतो. मधली वर्षं त्याची वाईट गेली. ऑक्टोबर २०२३ पासून जुलै २०२५ पर्यंत वेल्स सलग १८ टेस्ट हरलं. ज्या सहा भावांनी हिस्सा विकला त्यातला हा एक, वाट्याचे पैसे घेतलेला. आणि २०२५ मध्ये वेल्सच्या संघटनेनं ठरवलं की व्यावसायिक संघ चार आहेत ते परवडत नाहीत, तीन करायचे. लानेलीचा स्कार्लेट्स या चारातला एक. कोणता जाणार यावरून तिकडे गावागावांत धुसफूस चालू आहे.

मी लिहिलं, तुमचा राहील ना?

त्याचं उत्तर रात्री दोनला आलं. म्हणाला, माझ्या बापानं ७२ ला स्कोअरबोर्ड बघितला, मी ३०-३ तुझ्या क्रेटवर बघितलं, नातवाला काय दाखवायचं ते अजून ठरलेलं नाही. मग खाली, वेगळ्या ओळीत: सुपरमार्केटमध्ये नाशिकचं द्राक्ष आलंय, पण मणी बारीक वाटला. किती ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे गोडीचं माप) तोडलं?

सतरा, मी लिहिलं. आणि मणी बारीक नाही, तुमच्याकडे डबा मोठा झालाय.